गोळ्यांची अम्मा

आजही गोळी गिळली की माझं तोंड आपोआप उघडतं आणि जीभ वर जाते. समोर कुणी नसलं तरी. साधी डोकेदुखीची गोळी असली तरी. लग्नानंतर बायकोनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. मग मी तिला मार्थाबाई साळव्यांची हकिकत सांगितली. त्यानंतर ती हसत नाही. हातातला पेला तेवढा काढून घेते.

मी सोलापूरचा. बाप मागावर कापड विणणारा. आमच्या सात पिढ्यांत सही करणारे दोन, आणि पदवी घेतलेला मी एकटा. हे मी लोकांना ते विचारायच्या आधीच सांगत असे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी मिळाली आणि एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी मद्रासला आलो, तेव्हा निघण्याआधी ट्रंकेवर रंगाऱ्याकडून नाव घालून घेतलं होतं आणि नावापुढे बी.ए. नावापेक्षा बी.ए.ची अक्षरं मोठी होती. त्याची आजही मला लाज वाटत नाही. ज्याच्या घरात पुस्तक नव्हतं त्यालाच त्या दोन अक्षरांचं वजन कळतं.

ट्रिप्लिकेनमध्ये एका लॉजच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. दीड वर्षानं एका सकाळी खोकताना मोरीत रक्त पडलं. क्षय. घरी कळवलं नाही. बापानं मला शिकवून मरायला पाठवलं असं गावात कुणी म्हणू नये म्हणून.

शहरात तेव्हा क्षयाचा एक दवाखाना नव्या पद्धतीनं औषध देत होता. रोग्याला इस्पितळात ठेवायचं नाही. औषध घरी न्यायचं, वर्षभर रोज घ्यायचं, कामधंदा जमेल तसा करायचा. गोळ्या दोन जातींच्या. एक बारीक, तिचा काही त्रास नसे. दुसऱ्या मोठ्या, पांढऱ्या, चपट्या, आणि त्या मूठभर घ्यायच्या. त्या पोटात गेल्या की आतडी पिळून निघत. अन्नाचा वास नकोसा होई. महिना-दीड महिना मी त्या घेतल्या. मग मोठ्या गोळ्या खिडकीतून शेजारच्या कौलांवर फेकायला लागलो. मी बी.ए. होतो, मला वाटलं, बारीक गोळीवर भागेल.

दवाखान्यानं या अशा शहाण्यांसाठीच माणसं नेमली होती. न सांगता घरी येऊन टपकायचं आणि डबीतल्या गोळ्या मोजायच्या, हे त्यांचं काम.

एका सकाळी दार वाजलं. दारात एक ठेंगणी, काळीसावळी बाई. पांढरं लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, काखेत पुरुषी छत्री, खांद्याला खाकी पिशवी.

"सलाम. मी मार्थाबाई साळवे. नगरकडची. तू सोलापूरचा तो?"

दीड वर्षात मराठी कानावर पडली नव्हती. खाली राहणारे लॉजचे मालक वेंकटराव घरात मराठी बोलत, पण ती तंजावरची, दोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रासारखी. नगरी हेल ऐकताच मी दार पूर्ण उघडलं. मी म्हणालो, "या या, बसा, किती दिवसांनी..."

"डबी दाखव," मार्थाबाई म्हणाल्या.

मी दाखवली. त्यांनी गोळ्या ताटलीत ओतल्या, दोन बोटांनी पाच-पाच करून सारल्या. मोजणी झाली.

"बरोबर आहेत. एकदम बरोबर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खाणाऱ्याची एखादी तरी चुकते रे. घाईत राहते, ओकारीत जाते. टाकणाऱ्याचं मात्र कधी चुकत नाही."

त्या उठल्या आणि सरळ खिडकीशी गेल्या. खाली कौलांवर पांढऱ्या चकत्या पडल्या होत्या. आदल्या रात्रीच्या पावसानं विरघळून कौलांवर चुन्यासारखे ओघळ आले होते.

"कावळेसुद्धा शिवले नाहीत बघ," त्या म्हणाल्या. मग ट्रंकेवर बसायला वळल्या आणि ती अक्षरं त्यांना दिसली. "बी.ए.? वा! बापानं काय विकलं रे याच्यासाठी?"

मी ताटलीतल्या गोळ्या डबीत भरायला लागलो.

"घे आत्ता. माझ्यादेखत. मला घाई नाही."

एकेक करत मी सगळ्या गिळल्या. अर्धा तास लागला. मार्थाबाई ट्रंकेवर बी.ए. झाकून बसल्या होत्या. शेवटची गेल्यावर म्हणाल्या, "तोंड उघड. जीभ वर." वाकून, मान तिरपी करून त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं, गुराच्या बाजारात पाहतात तसं. मग तिथंच, कुणाची परवानगी न विचारता, हात जोडून डोळे मिटले. मिटले म्हणजे किती, तर पापण्यांच्या कडेला सुरकुत्यांच्या चुण्या पडल्या.

"बापा, हा पोरगा बी.ए. आहे, तरी याला थोडी अक्कल दे. याच्या पोटातली आग विझव. कौलांवरच्या गोळ्या कुणा लेकराच्या हाती लागू देऊ नको. आमेन."

देवाशी त्या अशाच बोलत. शेजारच्या खोलीतल्या, जरा कानानं मंद असलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. जाताना दारात म्हणाल्या, "आधी गोळी पोटात, मग भरवसा देवावर. उलटं करायचं नाही."

हे वाक्य त्या प्रत्येक घरी म्हणत. तमिळमध्येही म्हणत, आणि त्यांची तमिळ माझ्या कानालासुद्धा नगरीच वाटे. व्यासरपाडीच्या झोपड्यांत पोरं त्यांना लांबून बघून ओरडत, "मात्तिरै-अम्मा वंदाच्चु!" गोळ्यांची अम्मा आली. की घराघरातून डब्या शोधायची धावपळ.

पुढं ओळख वाढली तसं थोडं थोडं कळलं. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या. नवरा रेल्वेत फिटर, त्याच्याबरोबर पेरांबूरला आल्या. थोरला मुलगा चौथ्या वर्षी देवी येऊन गेला. मग नवऱ्याला क्षय झाला. तेव्हा या गोळ्या नव्हत्या. होतं माशाचं तेल, दूध आणि गच्चीवरचं ऊन. चौतिसाव्या वर्षी तो गेला. मागं राहिल्या मार्थाबाई आणि दोन वर्षांची करुणा.

एकदा मी, पोटात ढवळत होतं म्हणून चिडून, त्यांना विचारलं, "एवढी प्रार्थना केलीत तेव्हा, मग तुमच्या देवानं काय केलं?"

त्यांना राग आला नाही. छत्रीची मूठ चोळत म्हणाल्या, "ते मी त्याला रोज विचारते. सांगत नाही तो. पण मी विचारते तेव्हा उठून जात नाही, एवढं मला कळतं." मग लगेच, "तेव्हा नुसता भरवसा होता, गोळी नव्हती. आता दोन्ही आहेत. तुला यातलं एक टाकायचंय? तोंड उघड."

माझ्या अंगावर मांस चढायला लागलं तसा मी सुट्टीच्या दिवशी कधी कधी त्यांच्याबरोबर हिंडत असे. मराठी बोलायला मिळे म्हणून. अशाच एका दिवशी व्यासरपाडीला मुनुसामी म्हणून बंदरातला एक म्हातारा हमाल होता, त्याच्याकडे गेलो. मोजणीत त्याच्या गोळ्या कमी, म्हणजे खाल्लेल्या. पण लघवीच्या तपासणीत औषधाचा पत्ता नाही. मार्थाबाई झोपडीभोवती हिंडल्या. मागं कडुनिंबाखाली देवीचा हळद फासलेला दगड होता. त्याच्यासमोर खळगा, आणि खळग्यात गोळ्यांचा चिखल.

म्हातारा घाबरला. म्हणाला, "अम्मा, रोग तिनंच दिला. औषध तिला दिलं की ती रोग परत घेईल."

मला हसू आलं. मार्थाबाईंनी कोपरानं मला ढोसलं. मग म्हाताऱ्याशेजारी मातीत बसल्या. "बरोबर आहे. तिला दाखवलंच पाहिजे. पण दाखवल्यावर प्रसाद काय करतात? मातीत टाकतात?"

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. "नाही. खातात."

"मग खा."

त्यानं गोळी दगडाला दाखवली आणि गिळली. "तोंड उघड," मार्थाबाई म्हणाल्या. मग त्याच कडुनिंबाखाली, देवीच्या समोर, डोळे घट्ट मिटून त्यांनी आपल्या बापाकडे मुनुसामीसाठी मागणं मागितलं.

वाटेत मी छेडलं, "बाई, तुम्ही ख्रिस्ती. देवीचा प्रसाद खायला सांगितलात. तुमच्या पाळकांना कळलं तर?"

"मी त्याला देवी शिकवली का? गोळी शिकवली. बाकीचं ज्यानं बघायचं तो बघेल." दोन पावलं गेल्यावर म्हणाल्या, "हसू नको रे बी.ए. तू कौलांवर टाकल्यास. त्यानं देवापुढं टाकल्या. त्यातल्या त्यात तोच बरा."

मुनुसामी बरा झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते याच मार्थाबाईंच्या घरी झालं.

माझं औषध सातव्या-आठव्या महिन्यात होतं तेव्हा करुणाच्या छातीत डाग निघाला. एकोणीस वर्षांची, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती. आईसारखी ठेंगणी, पण चेहरा बापाचा असावा. उजळ आणि हसरा. मार्थाबाईंनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. "घरातच आलंय. बघते काय ते. या खेपेला गोळी आहे." छत्री मात्र त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात तीन वेळा घेतली.

दवाखान्यातून करुणाच्या घरी कुणी मोजायला गेलं नाही. मार्थाबाईंच्या घरी गोळ्या मोजायला कोण जाणार? आणि मार्थाबाईंनीही मोजल्या नाहीत. मोजायचं कारण नव्हतं. त्या रोज स्वतःच्या हातानं गोळ्या मुलीच्या तळहातावर ठेवत, प्रार्थना करत, आणि आमेन म्हणेपर्यंत मुलीचा हात रिकामा झालेला असे.

त्या जुलैच्या शेवटी, मद्रासचा पावसाळा लागायच्या आधी, पेरांबूरच्या मैदानावर मोठा मांडव पडला होता. बाहेरगावचा उपदेशक आला होता. आठवडाभर प्रार्थनेनं रोग बरे करायच्या सभा. लोक कुबड्या टाकत होते, चष्मे टाकत होते. मार्थाबाई गेल्या नाहीत. त्यांच्या घरांच्या फेऱ्या होत्या. करुणा मैत्रिणीबरोबर गेली. तिथं तिच्या डोक्यावर हात ठेवला गेला. हे आम्हाला नंतर कळलं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मार्थाबाईंनी मला जेवायला बोलावलं. पेरांबूरला रेल्वेतली दहा-बारा मराठी ख्रिस्ती घरं होती. तमिळ मंडळीचं देऊळ, म्हणजे चर्च, दुपारी रिकामं असे, तिथं त्यांची मराठी उपासना तीन वाजता. त्याआधी जेवण. मटणाचा रस्सा आणि भाकरी. मद्रासी लोक जिला कंबू म्हणतात ती आपली बाजरीच, हा शोध मला मार्थाबाईंनी लावून दिला.

ताटं वाढल्यावर त्यांनी आम्हा दोघांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. "दोघं एकाच पंगतीचे," म्हणाल्या, आणि डोळे मिटले. मी ख्रिस्ती नाही. प्रार्थनेत डोळे मिटावे की नाही हे मला कधी ठरवता आलं नाही, म्हणून मी ताटाकडे बघत बसे. बांगड्या वाजल्या. नजरेच्या कडेला करुणाचा हात कमरेशी गेला आणि परत आला. रुमाल खोवत असेल.

"आमेन. बी.ए., तोंड उघड. जीभ वर." माझं झालं. करुणाला त्या काही म्हणाल्या नाहीत.

मी भाकरीचे तुकडे रश्श्यात फिरवत बसलो. दोन घास गेले, तिसरा वर यायला लागला. करुणानं पहिली भाकरी संपवली, दुसरी घेतली, हाड चोखलं.

"भूक लागतेय पोरीला," मार्थाबाई मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निवळलेला मी कधी पाहिला नव्हता. "त्याची कृपा."

त्या मोठ्या गोळ्या घेतलेलं माणूस अर्ध्या तासात असं जेवू शकत नाही. ते त्या घरात एकाच माणसाला अंगानं माहीत होतं. मला. मार्थाबाईंनी हजार लोकांना त्या चारल्या होत्या, पण स्वतः एकही गिळली नव्हती. मी बघितलं, मला करुणाचा हेवा वाटला, आणि मी गप्प बसलो. कुणाकुणाला सोसतात, असं मी मनाला सांगितलं. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसून तिथल्या मुलीवर संशय कसा घ्यायचा, असंही सांगितलं. सगळी कारणं चांगली होती.

ऑक्टोबरात कापणीचा सण आला. त्या रविवारी मंडळीतला प्रत्येक जण आपली पहिली उपज वेदीपुढं आणून ठेवतो. शेत कुणालाच नव्हतं, सगळे रेल्वेवाले. तरी परसातला भोपळा, कोंबडा, केळीचा घड, तांदळाचं गाठोडं असं काही ना काही आणत. एका सुतारानं स्वतः केलेला पाट आणला होता. बाहेर मद्रासचा तो ऑक्टोबरातला पाऊस कोसळत होता. मला मार्थाबाईंनी आग्रहानं बोलावलं होतं, माझं औषध संपत आलं म्हणून माझ्यासाठी उपकारस्तुती करायची होती.

माझ्या आधी करुणा उठली. हातात बिस्किटांचा चौकोनी डबा, त्याला स्वतः भरलेला रुमाल गुंडाळलेला. तिनं तो वेदीपुढं भोपळ्याशेजारी ठेवला आणि लोकांकडे वळली.

"मला साक्ष द्यायची आहे," ती म्हणाली. आवाज आनंदानं कापत होता. "प्रभूनं मला बरं केलं. मांडवात त्या संध्याकाळी मला ते कळलं. त्या दिवसापासून मी गोळ्या सोडल्या. एकही टाकली नाही, सगळ्या याच्यात ठेवल्या, त्याच्या पायाशी आणायला. ही माझी पहिली उपज."

"हालेलुया!" सुतार म्हणाला. आणखी दोघं-तिघं म्हणाले. कुणीतरी पेटीवर स्वर धरला.

मार्थाबाई बाकावरून उठल्या. सावकाश पुढं गेल्या. रुमाल सोडला, डबा उघडला, आणि वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर बारीक गोळ्या वेगळ्या काढून दोन बोटांनी पाच-पाच करून सारायला लागल्या. पेटी थांबली. पाऊस आणि कापडावर घसटणारी बोटं एवढाच आवाज. कुणीच त्यांना अडवलं नाही. सगळ्या मोजून झाल्या.

"अकरा आठवडे," मार्थाबाई म्हणाल्या. मग त्यातली एक उचलून मुलीच्या ओठांशी नेली. "तोंड उघड."

करुणा हसत होती अजून. हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तिनं तोंड उघडलं.

"जीभ वर," मार्थाबाई म्हणाल्या.

उपासना कशी संपली मला आठवत नाही. पाऊस थांबेना म्हणून आम्ही तिघं देवळाच्या पायऱ्यांवर वळचणीला उभे होतो. करुणा रडत होती. "आई, तूच म्हणतेस ना, भरवसा देवावर."

"आधी काय म्हणते मी?"

"आई..."

"आधी काय म्हणते?"

"गोळी पोटात."

मार्थाबाई पावसाकडे बघत होत्या. "दवाखान्यातल्या तपासणीत कशी सापडली नाहीस?"

"तारीख ठाऊक असायची. त्या आधीचे दोन दिवस घ्यायची. उगाच डॉक्टर मध्ये आले असते."

"आणि घरी? मी हातावर ठेवायचे. केव्हा काढायचीस?"

करुणा कमरेला खोवलेल्या रुमालाकडे बघून म्हणाली, "तू डोळे मिटलेस की."

मार्थाबाई एक पायरी उतरल्या. छत्री उघडली, मुलीला आत घेतलं आणि चालायला लागल्या. छत्री दोघींना पुरत नव्हती. त्यांचा डावा खांदा पूर्ण भिजत होता.

औषध मधूनच घेतलं, मधूनच सोडलं, की जंतू मरत नाहीत, मुरतात. मग त्यांच्यावर तेच औषध चालत नाही. करुणानं त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही. मोठ्या गोळ्यांनी तिचं पोटही पिळून निघायला लागलं, भाकरी सुटली. गोळ्या आता तिला छळत होत्या, रोगाला नाही. मग इंजेक्शनं झाली. दोन्ही दंड दगडासारखे झाले. ती वाळत गेली. मार्थाबाई सकाळी तिला अंघोळ घालून, गोळ्या देऊन, लोकांच्या गोळ्या मोजायला जात आणि दुपारी येऊन पुन्हा तिच्यापाशी बसत. मी बरा झाल्याचा कागद मला त्याच डिसेंबरात मिळाला. तो मी त्यांना दाखवला नाही. त्यांनीच मागून घेतला, नीट वाचला, घडी करून परत दिला.

मे महिन्यात, तिकडं ज्याला कत्तिरी म्हणतात त्या कडक उन्हात, जेव्हा मद्रासचं डांबर चपलांना चिकटतं, मी बर्फ घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. दार उघडं होतं. आत करुणा विचारत होती. तिचा आवाज आता नुसता वारा होता.

"आई, मी भरवसा ठेवला ते चुकलं का?"

मार्थाबाई ओल्या फडक्यानं तिचा गळा पुसत होत्या. "नाही गं. ज्याच्यावर ठेवलास तो खरा आहे. चुकले मी. तुझ्यावर लक्ष ठेवायला त्यानं मला ठेवलं होतं."

"तू प्रार्थना करत होतीस."

"हो," मार्थाबाई म्हणाल्या. "तेच करत होते."

बर्फ माझ्या हातात पाझरत होता. मी तो दारात ठेवून निघून आलो. दोन दिवसांनी करुणा गेली.

मातीच्या वेळी पाळक म्हणाले, "देवाची इच्छा, मार्थाबाई." सगळे असंच म्हणतात, त्यांचाही दोष नाही. मार्थाबाईंनी मूठभर माती टाकली, हात झाडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्याच्या नावावर घालू नका. त्यानं गोळ्या दिल्या होत्या. डबा भरून दिल्या होत्या."

चौथ्या दिवशी त्या कामावर होत्या. कॅनव्हासचे बूट, छत्री, पिशवी. पण पुढचे कित्येक महिने त्यांनी कुठल्याही घरी प्रार्थना केली नाही. डबी मोजायच्या, गिळताना बघायच्या, तोंडात बघायच्या, उठायच्या. ते वाक्यही म्हणायच्या नाहीत. व्यासरपाडीत लोक कुजबुजायला लागले. मुनुसामीनं मला गाठून विचारलं, "अम्माचा देव गेला का?"

मी एकदा धीर करून विचारलंच. एग्मोरच्या बस थांब्यावर दोघंच उभे होतो.

"बाई, प्रार्थना सोडलीत?"

"येत नाही रे."

"रागावलात त्याच्यावर?"

"राग असता तर बोलले असते. भांडायला येतं मला त्याच्याशी, तू ऐकलंयस." बस आली, त्यांनी हात केला नाही. बस गेली. "डोळे मिटले की तिचा हात दिसतो. कमरेकडे जाताना."

त्या क्षणी मी त्यांना सांगायला हवं होतं की तो हात मीही पाहिला होता. सांगितलं नाही. ते मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

त्याऐवजी मी माझं शिक्षण पाजळलं. म्हणालो, "मग भरवसा म्हणजे शेवटी काय राहिलं?"

"तुला काय वाटतं बी.ए., भरवसा म्हणजे आपल्याला हवं ते होणार असं वाटणं? ते माझं नवरा गेला तेव्हाच संपलं." त्यांनी छत्री काखेतून काढून हातात घेतली. "लेकरू गेलं, नवरा गेला, ही गेली. तरी सकाळी उठल्यावर पहिलं त्याच्याकडेच तोंड होतं माझं. दुसरीकडं वळवून बघितलं, वळत नाही. आता याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात ते तू सांग."

 दुसरी बस आली आणि त्या चढल्या.

पुढच्या वर्षी माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो. त्या फेरीवर होत्या. कुठं, ते मला विचारावं लागलं नाही. वार कोणता ते माहीत होतं. व्यासरपाडीच्या गल्लीत पोरं ओरडत पुढं धावत होती, त्यांच्या मागं गेलो.

एका झोपडीच्या दारात मी थांबलो. आत चूल पेटलेली, ओल्या लाकडांचा धूर छपराखाली कोंडला होता. एक मुलगी चटईवर बसली होती. अठरा-एकोणीसची असेल. मार्थाबाई तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. मुलीच्या हातावर गोळ्या होत्या. मार्थाबाईंनी हात जोडले आणि त्यांच्या त्या नगरी तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली. कित्येक महिन्यांनी मी ते ऐकत होतो. बापा, ही पोर. हिच्या पोटातली आग विझव.

मुलगी एकेक गोळी तोंडात टाकत होती, पाणी पीत होती, गळा हलत होता. मार्थाबाई बापाशी बोलत होत्या आणि त्या गळ्याकडे बघत होत्या. धूर डोळ्यांत गेला होता, दोन्ही गालांवरून पाणी वाहत हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि त्या डोळे मिटत नव्हत्या. आमेन म्हणेपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही.

मी हाक न मारता परत फिरलो.